फॉस्फरस अन् सल्फर सोबत तापवले तर काय बनते?
प्रमाणावर आहे भाऊ. फॉस्फरस जास्त असला तर पी4एस3 (म्हणजे चार फॉस्फरस अन् तीन सल्फर), याच्यात फॉस्फरस-फॉस्फरसचे 3 बॉन्ड (अणूंमधले जोड) टिकून राहतात, कुठंही घासली की पेटणाऱ्या जुन्या आगकाडीत हेच राहे. सल्फर भरपूर अन् 300 डिग्रीच्या वर नेलं तर पी4एस10, तिथं फॉस्फरस-फॉस्फरस बॉन्ड एकही नाही, प्रत्येक फॉस्फरसला चार सल्फर, त्यातला एक डबल बॉन्डनं बाहेर. हाच डबल बॉन्ड क्लोरपायरीफॉस या कीटकनाशकात असते, जे आपण पऱ्हाटीवर मारतो, अंगात गेलं की लिव्हर तो सल्फर काढून ऑक्सिजन बसवते अन् तेव्हाच ते जास्त जहरी होते, म्हणून फवारल्यावर लगेच काही वाटलं नाही तरी गाफील राहू नका बापा, हातमोजे-मास्क पाहिजेच. अन् पी4एस10 ला पाणी लागलं की हायड्रोजन सल्फाइड हा जहरी वायू निघते, घरी करून पाहू नका.