वाचकांचे प्रश्न : दर जूनला नवा संघ

प्रश्न (एम.पी.एड. म्हणजे शारीरिक शिक्षणातल्या पदव्युत्तर पदवीची विद्यार्थिनी, सोलापूर) : मला कॉलेजच्या मुलींची बास्केटबॉल प्रशिक्षक व्हायचं आहे. अशी जागा कुठे निघते?

उत्तर : या नावाची जागा आपल्याकडच्या कॉलेजांत बहुधा निघतच नाही. निघते ती शारीरिक शिक्षण संचालकाची. त्यासाठी एम.पी.एड.ला किमान 55 टक्के, नेट किंवा सेट ही पात्रता परीक्षा आणि शारीरिक क्षमता चाचणी लागते. महिलांना तिशीपर्यंत 8 मिनिटांत 1000 मीटर, चाळिशीपर्यंत 800 मीटर. रुजू झालात की कबड्डी, खो-खो, मैदानी स्पर्धा सगळं तुमच्याच गळ्यात पडतं आणि बास्केटबॉल उरल्या वेळात शिकवावा लागतो. पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेचा सहा आठवड्यांचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम म्हणूनच आत्ता करून घ्या, नंतर तेवढी रजा मिळणं कठीण. जिल्ह्यातल्या सामन्यांत शिट्टी हातात घ्यायलाही शिका. नियम पुस्तकापेक्षा तिथे पक्के होतात.

प्रश्न (महिला महाविद्यालयातील शारीरिक शिक्षण संचालिका) : संघ जमतो तोवर मुली तृतीय वर्ष संपवून जातात. तीस-चाळीस वर्षं एकाच कॉलेजचा संघ सांभाळणारे हे कसं निभावतात?

उत्तर : अमेरिकेच्या टेनेसी विद्यापीठात पॅट समिट 1974 साली, 22 व्या वर्षी मुलींच्या बास्केटबॉल संघाच्या प्रशिक्षक झाल्या आणि 2012 पर्यंत तिथेच राहिल्या. 38 हंगाम, 1098 विजय, 8 राष्ट्रीय विजेतेपदं. पहिल्या काही वर्षांत संघाची गाडी त्याच चालवत, गणवेशही त्याच धूत. पुढे त्यांना देशभरातून मुली निवडायची सोय मिळाली, ती आपल्याकडे नाही. पण त्यांची एक पद्धत उचलण्यासारखी आहे : सरावाला मुलांना समोर उभं करायचं. आठवड्यातून दोनदा शेजारच्या कॉलेजची चार-पाच मुलं बचावाला बोलवा. उंच हातावरून पास द्यायची सवय होते. मुलांना एकच अट घाला, धक्का द्यायचा नाही.

संघ मोडतो त्याचं मुख्य कारण निवडीत आहे. बाराही जणी एकाच वर्षातल्या घेतल्या तर तिसऱ्या जूनला मैदान रिकामं. दर वर्षाच्या चार-चार ठेवा, आणि प्रत्येक सामन्यात प्रथम वर्षाच्या किमान दोघींना दहा मिनिटं खेळवा, हरत असलात तरी.

ग्रामीण भागातून येणाऱ्या बऱ्याच मुलींनी चेंडू हातात धरलेला नसतो, पण दुसरा खेळ खेळलेला असतो. तो विचारून घ्या, कारण चूक तिथून येते. हँडबॉलमध्ये चेंडू हातात घेऊन तीन पावलं चालतात; त्या सवयीने लेअपला, म्हणजे धावत जाऊन रिंगजवळून चेंडू टाकताना, जादा पाऊल पडतं आणि ट्रॅव्हलिंग (जादा पावलांचा नियमभंग) होतं. कबड्डीवाली बचावाला सुरेख खाली बसते, मात्र हात पकडायला धावतो आणि दुसऱ्या क्वार्टरमध्येच (सामन्याच्या चारपैकी दुसऱ्या भागात) तिचे तीन फाऊल झालेले असतात. तिला आठवडाभर दोन्ही हातांत टॉवेल धरून नुसत्या पायांनी बचाव करायला लावा. खो-खोची मुलगी मिळाली तर सोडू नका, तिच्याइतकी झटकन दिशा कोणी बदलत नाही.

विद्यापीठाच्या आंतरमहाविद्यालयीन सामन्यांचं वेळापत्रक हातात येण्याची वाट पाहू नका. गेल्या वर्षीच्या तारखेपासून आठ आठवडे मागे मोजा. पहिले दोन आठवडे फक्त दोन पायांवर थांबणं, पिव्होट (एक पाय रोवून दुसऱ्याने वळणं) आणि छातीपासून पास. नव्वद मिनिटांचा सराव असा वाटता येतो : 15 मिनिटं वॉर्मअप, 20 चेंडूवर ताबा, 20 शूटिंग, 25 तीन विरुद्ध तीन, आणि शेवटची 10 दमलेल्या पायांनी फ्री थ्रो (फाऊलनंतर रेषेवरून मिळणारी मोकळी फेक). मोहोळ-बार्शीहून येणाऱ्या मुलींची एसटी चुकत असेल तर संध्याकाळचा हट्ट सोडा, सराव सकाळी ठेवा. उन्हाळ्यात तसाही दुसरा इलाज नाही.

फ्री थ्रो पडत नाहीत, तेव्हा आधी चेंडू बघा. स्टोअरमध्ये मुलांचा सात नंबरचाच असतो. मुलींचा सहा नंबरचा, घेर साधारण 72 सें.मी. मोठ्या चेंडूने कोपर बाहेर जातं, दुसऱ्या हाताचा अंगठा ढकलतो आणि चेंडू तिरका निघतो. रिंगपासून दोन मीटरवर उभं करा. दहापैकी सात पडले की एक पाऊल मागे, असं करत रेषेपर्यंत. ती बोर्डापासून 4.60 मीटरवर असते. हवाही तपासा : 1.8 मीटरवरून सोडलेला चेंडू 1.2 ते 1.4 मीटर उसळला पाहिजे. उन्हात राहिलेला जास्त उसळतो.

प्रश्न (एक पालक, अक्कलकोट) : या खेळात मुलींचे गुडघे जातात असं ऐकलं. खेळू द्यावं का?

उत्तर : जरूर द्या. एसीएल हा गुडघ्यातला लिगामेंट तुटण्याचं प्रमाण मुलींत मुलांपेक्षा जास्त आहे, हे खरं. उडी मारून उतरताना गुडघे आत वळणं हे त्याचं मोठं कारण, आणि ते सुधारता येतं. कन्येला फूटभर उंचीच्या बाकावरून खाली उतरायला सांगा, समोरून मोबाइलवर चित्रण करा. गुडघे एकमेकांकडे झुकत असतील तर आठवड्यातून तीनदा 15-20 मिनिटं बैठका, एका पायावर तोल आणि आवाज न करता दोन्ही पायांवर उतरणं हवं. सिमेंटच्या कोर्टावर धूळ साचते, त्यावर पाय घसरतो. सरावाआधी झाडून घेतात का, हे तुम्ही मॅडमना बिनदिक्कत विचारा. गुडघ्यात 'टक्' झालं आणि काही तासांत सूज आली तर मालिश नको, हाडवैद्याकडून ओढून घेणंही नको. अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवा. शस्त्रक्रिया झालीच तर किमान नऊ महिने सामना नाही, प्रशिक्षक कितीही घाई करोत.

प्रश्न (निवृत्तीला आलेले संचालक, सोलापूर) : नव्या माणसाच्या हाती काय द्यावं?

उत्तर : डेडस्टॉक रजिस्टर (कॉलेजच्या टिकाऊ सामानाची नोंदवही) तर द्यावंच लागेल. त्याखेरीज जुन्या स्कोअरशीट वर्षवार लावून द्या, कोणाला कधी कुठली दुखापत झाली त्याची वही द्या आणि माजी खेळाडूंना विचारून त्यांचे फोन नंबर द्या. त्यातल्या ज्या आज शाळांत शिकवतात, त्यांच्याकडूनच पुढच्या जूनच्या मुली येतील.