समुद्रकिनाऱ्यावरून उचललेले प्रवाळ आणि वन विभागाची नोटीस

प्रश्न : मी नाशिक येथे शिक्षक आहे. गेल्या हिवाळ्यात आम्ही सहकुटुंब अंदमानला गेलो होतो. शहीद द्वीपच्या (नील) लक्ष्मणपूर किनाऱ्यावर ओहोटीच्या वेळी माझ्या अकरा वर्षांच्या मुलीने वाळूत पडलेले प्रवाळाचे सात-आठ पांढरे तुकडे गोळा केले आणि मी ते माझ्या बॅगेत ठेवले. परतताना विमानतळावरील तपासणीत ते सापडले. दुकानातून बिल घेऊन विकत आणलेले दोन शंखही त्यासोबत जप्त झाले. पंचनाम्यावर सही घेऊन आम्हांला जाऊ दिले. आता तेथील वन विभागाने जबाबासाठी हजर राहण्याची नोटीस पाठवली आहे. तुकडे मृत होते, शिवाय ते मुलीने उचलले होते. तरी गुन्हा होतो का? सहल आखून देणारे एजंट ‘तीस हजारांत मिटवून देतो’ म्हणतात, तर शेजारी नोटिशीकडे दुर्लक्ष करा म्हणतात. पत्नीच्या पर्समधून आलेले दोन तुकडे अजून घरात आहेत. काय करावे?

उत्तर : आपला सारा भर तुकडे मृत होते यावर आहे, म्हणून प्रथम त्याचेच उत्तर देतो. प्रवाळ हा दगड नसून प्राणी आहे, आणि वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, 1972 च्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे वाघाच्या पंक्तीत, प्रवाळभित्ती घडवणाऱ्या सर्व कठीण प्रवाळांचा समावेश आहे. आपण उचललेला पांढरा तुकडा हा त्या प्राण्याचाच सांगाडा असतो. कलम 39 नुसार शिकार झालेला वन्यप्राणीच नव्हे, तर मृतावस्थेत सापडलेला वन्यप्राणीसुद्धा सरकारची मालमत्ता ठरतो. तो किंवा त्याचा भाग ज्याच्या हाती येईल त्याने अठ्ठेचाळीस तासांच्या आत जवळच्या पोलीस ठाण्यास किंवा अधिकृत अधिकाऱ्यास कळवून तो त्यांच्या स्वाधीन करावयाचा असतो. त्यामुळे ‘आम्ही प्रवाळ तोडले नाही’ हे म्हणणे खरे असले आणि न्यायालयासमोर ते आवर्जून मांडण्यासारखे असले, तरी ताबा बाळगल्याच्या आरोपाला ते पुरेसे उत्तर होत नाही. त्यातच कलम 57 प्रमाणे वस्तू आपल्या ताब्यात होती एवढे सिद्ध झाले की तो ताबा बेकायदा असल्याचे गृहीत धरले जाते आणि तसे नसल्याचे दाखवण्याची जबाबदारी आपल्यावर येते.

शिक्षेबाबत मी आपल्याला अंधारात ठेवू इच्छित नाही. पहिल्या अनुसूचीतील प्राण्याविषयीच्या अपराधास कलम 51 अन्वये किमान तीन आणि कमाल सात वर्षांचा कारावास, तसेच 2022 च्या सुधारणेनंतर किमान पंचवीस हजार रुपये दंड आहे. सहलीत उचललेल्या तुकड्यांना आणि चोरट्या व्यापाराला एकाच मापाने मोजणारी ही तरतूद मला व्यक्तिशः कठोर वाटते, परंतु आज कायदा असा आहे. हा अपराध दखलपात्र व अजामीनपात्र असला, तरी कलम 51अ मधील जामिनाच्या कडक अटी या कायद्याखाली पूर्वी दोषी ठरलेल्यांनाच लागू होतात, हे आपल्या बाजूचे आहे.

यावरून एजंटाच्या प्रस्तावाचे मोलही कळेल. काही अपराध रक्कम भरून आपसात मिटवण्याची सोय कलम 54 मध्ये आहे खरी, पण ज्या अपराधास कलम 51 मध्ये किमान कारावास सांगितला आहे तो त्यातून स्पष्टपणे वगळलेला आहे. म्हणजे जे मिटवण्याचा अधिकार अधिकाऱ्यालाही नाही, ते हे गृहस्थ तीस हजारांत मिटवणार आहेत! ती रक्कम लाच म्हणून गेली, तर आजच्या अडचणीत दुसऱ्या गुन्ह्याची भर पडेल.

शेजाऱ्यांचा सल्ला तितकाच घातक आहे. या कायद्याखाली न्यायालय पोलिसांच्या आरोपपत्रावर नव्हे, तर कलम 55 नुसार अधिकृत अधिकाऱ्याने केलेल्या तक्रारीवर दखल घेते. आपल्याला आलेली नोटीस जबाबाची आहे, यावरून प्रकरण अद्याप चौकशीत असावे असे दिसते, आणि आपली बाजू कागदावर आणण्याची हीच वेळ आहे. मात्र हा जबाब हलक्यात घेऊ नये. सहायक वनसंरक्षक किंवा त्यावरील दर्जाच्या अधिकाऱ्याने कलम 50 खाली नोंदवलेला पुरावा, तो आरोपीच्या उपस्थितीत घेतलेला असल्यास, पुढे खटल्यात ग्राह्य धरला जाऊ शकतो. आणि वन अधिकारी म्हणजे पोलीस नव्हेत, असाच न्यायालयांचा सर्वसाधारण कल असल्यामुळे पोलिसांसमोरील कबुलीला मिळणारे संरक्षण येथे मिळेल असे धरून चालता येत नाही. स्वतःविरुद्ध साक्ष देण्याची सक्ती न होण्याचा संविधानाच्या अनुच्छेद 20(3) मधील हक्क अर्थातच आपल्याला आहे. म्हणून तेथील फौजदारी वकील आधी नेमावा, त्यांच्यामार्फत लेखी अर्ज करून तारीख वाढवून मागावी आणि पंचनाम्याची प्रत मिळवावी. अटकेची शक्यता वाटल्यास अटकपूर्व जामिनाचा अर्ज श्री विजयपुरम (पूर्वीचे पोर्ट ब्लेअर) येथील सत्र न्यायालयात किंवा कलकत्ता उच्च न्यायालयाच्या तेथील फिरत्या खंडपीठापुढे करता येतो. तेथे पोहोचेपर्यंत मर्यादित मुदतीचे संरक्षण आपल्या भागातील न्यायालय देऊ शकते, हे सर्वोच्च न्यायालयाने 2023 मध्ये मान्य केले आहे.

बचावाचे खरे मुद्दे दोन आहेत. जप्त वस्तू नेमकी कोणत्या प्रजातीची आहे हे तज्ज्ञाच्या अहवालाने सिद्ध व्हावे लागते. भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेचे प्रादेशिक केंद्र तेथेच आहे, तेव्हा असा अहवाल घेतला आहे का, हे आपल्या वकिलांनी विचारावे. आपल्या दोन शंखांचे भवितव्यही त्यावरच ठरेल, कारण सगळेच शंख अनुसूचीत नाहीत. बिल जपून ठेवा. पण शंख पहिल्या अनुसूचीतील निघाल्यास बिलाने ताबा कायदेशीर होत नाही, तो कोठून आला एवढेच कळते. दुसरा मुद्दा जागेचा. याच सहलीत आपण वंडूरच्या महात्मा गांधी सागरी राष्ट्रीय उद्यानातील जॉली बॉय बेटावर स्नॉर्केलिंगला गेला असाल, तर तुकडे तेथील नाहीत हे दाखवता येणे महत्त्वाचे आहे, कारण राष्ट्रीय उद्यानातून काहीही उचलणे हा स्वतंत्र अपराध आहे. लक्ष्मणपूरला काढलेली छायाचित्रे तारीख-वेळेसह मूळ फोनमध्येच राहू द्या.

मुलीविषयी लिहिताना मला थोडा संकोच होतो. भारतीय न्याय संहितेच्या कलम 21 नुसार सात ते बारा वर्षांच्या, पुरेशी समज न आलेल्या मुलाचे कृत्य अपराध ठरत नाही, त्यामुळे तिची काळजी नको. पण तुकडे आपल्या बॅगेत होते आणि ते आपण ठेवले होते. तिने उचलले हे खरे असेल तर तसे अवश्य सांगावे. ताबा मात्र तिच्या अंगावर ढकलू नये, कारण तो बचाव टिकणार नाही आणि आपल्या उरलेल्या जबाबावरचा विश्वासही घालवेल.

घरातले दोन तुकडे गोदावरीत टाकण्याचा मोह होईल. तसे करणे म्हणजे पुरावा नाहीसा करणे, आणि तो न्याय संहितेच्या कलम 238 खाली वेगळा अपराध ठरू शकतो. ते घरात राहू देणेही योग्य नाही. अठ्ठेचाळीस तासांची मुदत उलटून गेली आहे आणि ते पत्नीच्या पर्समधून आले आहेत, त्यामुळे त्यांचा प्रश्न तिच्यापर्यंत पोहोचतो. म्हणून स्वतः उठून वन कार्यालयात जाऊ नका. वकिलांना ही गोष्ट पहिल्याच भेटीत सांगा, त्यांच्याकडून निवेदन तयार करून घ्या आणि त्यासोबत ते तुकडे नाशिकच्या वन कार्यालयात जमा करून लेखी पोच घ्या.