काय हिरावलं गेलंय, ते आधी ठरव

प्रिय मित्रा,

सप्रेम आशीर्वाद.

तुझ्या नियोजित अल्बमची फाइल शेवटपर्यंत वाचली. २०९७ सालचं शहर, त्याचे विभाग, 'ध्वनी महामंडळ', त्याचे कायदे आणि शिक्षा, भुयारी रस्त्यांचा नकाशा, महामंडळाचं बोधचिन्हसुद्धा. मेहनत पानोपानी दिसते. शेवटी तू विचारलंयस, की जग तयार झालं, आता चाली बांधायला घेऊ का? त्याचं उत्तर फोनवर देण्यासारखं नव्हतं, म्हणून हे पत्र.

एवढ्या पानांत मला एक गोष्ट सापडली नाही. या शहरातल्या माणसांकडून नेमकं काय हिरावलं गेलंय? तू एका ठिकाणी 'स्वातंत्र्य' असं लिहिलंयस. स्वातंत्र्य हा शब्द भाषणात चालतो, चालीत तो बसत नाही. पहाटे गच्चीवर उभं राहून मोठ्यानं गुणगुणणं गाता येतं. खालून कुणीतरी नावानं मारलेली हाक गाता येते. वारलेल्या बापाचा आवाज फोनमध्ये जपून ठेवणं गाता येतं. यातलं एक काहीतरी निवड. डिस्टोपियन कॉन्सेप्ट अल्बमचा, म्हणजे बिघडलेल्या भविष्यातल्या जगाची एकच कथा सांगणाऱ्या गाण्यांच्या संचाचा, पाया मला तेवढाच वाटतो. साल, सत्ता, यंत्रं हे सगळं त्या एका हरवलेल्या गोष्टीच्या मागून येतं, आणि पुष्कळदा यावंही लागत नाही.

रश या कॅनडातल्या त्रिकुटाचा '२११२' तू ऐकलेला आहेस, पण आता वही घेऊन पुन्हा ऐक. १९७५ साली आलेला त्यांचा आधीचा अल्बम चालला नव्हता. कंपनीला छोटी, रेडिओवर वाजतील अशी गाणी हवी होती. त्यांनी १९७६ मध्ये रेकॉर्डची एक अख्खी बाजू एकाच कथेला दिली, सात भागांची, साडेवीस मिनिटांची. कथा एका ओळीत मावते: पुजाऱ्यांचं राज्य आहे, सगळं तेच ठरवतात, आणि एका माणसाला धबधब्यामागच्या गुहेत एक जुनी गिटार सापडते. हिरावलेली गोष्ट म्हणजे माणसानं स्वतःच्या हातानं केलेलं संगीत. बास. पुजाऱ्यांचे कायदे काय, शिक्षा काय, शहराचे विभाग किती, यातलं जवळजवळ काहीच सांगितलेलं नाही, आणि ऐकताना ते कुणाला आठवतही नाही.

त्यातला गिटार सापडण्याचा भाग पुन्हा पुन्हा ऐक. आधी पाण्याचा आवाज. मग कुणीतरी मोकळ्या तारा चाचपडत छेडतो. तारा जुळलेल्या नाहीत. तो खुंट्या पिळतो, सूर हळूहळू जागेवर येतात, मग दोन-तीन सुरांचा एक तुकडा, आणि शेवटी स्वरमेळ. रशचा गिटारवादक अॅलेक्स लाइफसननं ते असं वाजवलंय, की हा माणूस आयुष्यात पहिल्यांदा वाद्य हातात घेतोय हे शब्दांआधी कळतं. त्याआधीची सहा-सात मिनिटं बहुतेक गडगडाटाची आहेत: जोरकस ड्रम्स, कर्कश पट्टीतलं गाणं. त्या गोंगाटामुळेच ही शांत गिटार अंगावर येते. नंतर तो ती घेऊन पुजाऱ्यांपुढे जातो, तेव्हा त्याचा भाग मऊ आणि त्यांचं उत्तर भारी, असं दोन आवाजांचं भांडण चालतं. कथा वाद्यांतूनच कळते, निवेदकाची गरज पडत नाही.

म्हणून माझा पहिला कामाचा सल्ला: तुझ्या शहरातून जे हिरावलंय त्याचा आवाज श्रोत्यापासूनही लपवून ठेव. त्यालाही ती उणीव जाणवू दे. आवाज हाच तुझ्या कथेचा विषय आहे, त्यामुळे ही सोय तुझ्याइतकी क्वचितच कुणाला मिळेल.

आता लाइफहाउसबद्दल. तुझ्या फाइलचं शेवटचं पान उलटलं तेव्हा मला त्याचीच आठवण झाली. द हू या इंग्लिश बँडच्या पीट टाउनशेंडनं १९७०-७१ च्या सुमारास 'लाइफहाउस' नावाची एक अवाढव्य कल्पना मांडली. हवा इतकी दूषित झालीय, की बहुतेक लोक घरात खास पोशाख घालून पडून असतात. ते पोशाख एका मोठ्या जाळ्याला जोडलेले आहेत, आणि त्या जाळ्यातूनच त्यांना अन्न, करमणूक, अनुभव सगळं मिळतं. संगीत विस्मरणात गेलंय. शहराबाहेर काही शेतकरी तेवढे अजून मोकळे जगतायत. शेवटी लोक एका मैफलीत एकत्र जमतात आणि सगळ्यांचा मिळून एक सूर लागतो. अल्बम, चित्रपट आणि लोकांच्या सहभागातून घडणाऱ्या मैफली असं सगळं त्याला एकत्र करायचं होतं. लंडनच्या यंग व्हिक नाट्यगृहात त्यांनी तसे प्रयोगही सुरू केले. कल्पना काळाच्या फार पुढची होती, आज तर ती ओळखीची वाटते. पण बँडमधल्या लोकांना, व्यवस्थापकाला, पैसे लावणाऱ्यांना ती काही केल्या समजेना. टाउनशेंड समजावून समजावून खचला, आजारी पडला, आणि प्रकल्प बारगळला.

पण गाणी उरली. ध्वनिमुद्रक ग्लिन जॉन्सच्या सांगण्यावरून त्यातली निवडक गाणी कथेशिवाय एका साध्या अल्बममध्ये घेतली. ऑगस्ट १९७१ मध्ये आलेला 'हूज नेक्स्ट' तो हाच, नऊ गाण्यांचा. तो रॉक संगीतातल्या सर्वोत्तम अल्बमांत गणला जातो. त्यातलं पहिलं गाणं कथेत एका शेतकऱ्याच्या तोंडी होतं. कथा गेली तरी त्या माणसाची निकड शाबूत राहिली, आणि ज्यांना जाळ्याबद्दल, पोशाखांबद्दल काही ठाऊक नाही अशा लाखो लोकांनी ते गाणं आपलं मानलं.

त्या गाण्याचं नाव 'बाबा ओ'रायली'. त्यातले बाबा म्हणजे आपले मेहेरबाबा, पुण्यात जन्मलेले, नगरजवळ मेहेराबादला ज्यांची समाधी आहे ते. टाउनशेंड त्यांचा अनुयायी होता. रायली हा अमेरिकन संगीतकार टेरी रायली. लाइफहाउसमागची 'एका सुरा'ची कल्पना टाउनशेंडला ज्यांच्या लेखनातून मिळाली ते सूफी गुरू आणि संगीतकार हजरत इनायत खाँ बडोद्याचे, गायक मौलाबक्षांचे नातू, गायकवाडांच्या संस्थानात वाढलेले. लंडनमध्ये फसलेल्या डिस्टोपियाची मुळं पुण्या-बडोद्यापर्यंत येतात, हे मला फार मोलाचं वाटतं. अशा अल्बमसाठी आपण परकं जग उसनं आणायला हवं असं तुला वाटत असेल, तर ते मनातून काढून टाक.

लाइफहाउसमध्ये जुलूम करणारा हंटर घेऊन उभा नाही. लोक सुखात आहेत. तुझ्या फाइलमध्ये मात्र पानापानावर पहारेकरी आहेत. ते कमी कर. आवाज कसा जातो याचं एक खरं उदाहरण आपल्याकडे आहे. जात्यावरच्या ओव्या कुणी बंदी घालून संपवल्या नाहीत. गावात पिठाची गिरणी आली आणि पहाटे दोघी समोरासमोर बसून दळायची गरज संपली. फार चांगलं झालं, कारण पिढ्यान्‌पिढ्या बायकांची हाडं त्या दगडाखाली पिचली होती. आणि गाणं गेलं. भावाविषयीचं, माहेराविषयीचं, विठोबाविषयीचं, सासुरवासाविषयीचं जे फक्त तिथेच बोललं जायचं, त्याची जागाच गेली. हेमा राईरकर आणि गी पॉइटविन यांनी सहकाऱ्यांबरोबर गावोगाव फिरून एक लाखाहून जास्त ओव्या जमवल्या, म्हणून निदान काय गेलं हे आपल्याला मोजता तरी येतं. सोय आणि नुकसान एकाच दारानं आत येतात, हे तुझ्या अल्बमला सांगता आलं, तर महामंडळाचा एकही शिपाई लागणार नाही.

तुझी नायिका महामंडळात जुन्या ध्वनिमुद्रणांतले 'अनावश्यक आवाज' पुसण्याचं काम करते. फाइलमधली ही सर्वात चांगली कल्पना, आणि ती तू बत्तिसाव्या पानावर दडवली आहेस! तिला पहिल्या गाण्यात आण. एके दिवशी तिच्या कानावर जात्याची घरघर आणि त्यावरची एक ओवी पडू दे. ते तिला पुसता येऊ नये. पुढचा अख्खा अल्बम त्या न पुसण्यातून उभा राहतो.

घरघर म्हणजे अखंड खालचा सूर. म्हणून त्या गाण्याच्या आधी कुठेही तसा सूर येऊ देऊ नकोस. तुझ्या डेमोंत प्रत्येक गाण्याखाली सिंथचं पॅड, म्हणजे सिंथेसायझरचा सलग लांबवलेला स्वरमेळ, पसरलेलं आहे. सगळी काढून टाक. गाणी उघडी पडतील, कोरडी वाटतील, आणि तेच हवंय. मग तिसऱ्या-चौथ्या गाण्यात जातं सुरू होईल, तेव्हा श्रोत्याला बसायला पहिल्यांदा जमीन मिळेल. जात्याचा आवाज तयार आवाजांच्या सॅम्पल-संग्रहातून उचलू नकोस. अजूनही लग्नघरी हळद दळायला जातं निघतं, बायका गातातही. रीतसर विचारून, त्यांची संमती घेऊन, माइक दगडाच्या जवळ ठेवून ध्वनिमुद्रण कर. आणि दाणे घातलेलं जातं घे, रिकाम्या जात्याचा आवाज वेगळा येतो.

महामंडळाचा आवाज तू जाड, विकृत, राक्षसी केला आहेस. माझ्या मते तिथे उलट करायला हवं. रेडिओहेड या इंग्लिश बँडच्या 'ओके कम्प्युटर' अल्बममध्ये (१९९७) बरोबर मध्यावर दोन मिनिटांचा एक तुकडा आहे, मॅकिंतॉश संगणकाच्या तयार आवाजात. चांगलं आयुष्य कसं जगावं याची यादी तो सपाट सुरात वाचतो. कुठेही धमकी नाही, आणि कापरं भरतं. आपल्याकडे तर ती भाषा तयार आहे: 'सर्व नागरिकांना कळविण्यात येते की', 'प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे'. एसटी स्टँडवरच्या निवेदनासारखी नम्र, स्वच्छ, प्रमाण मराठी महामंडळाला दे. नायिकेला तुझ्या आजीची वऱ्हाडी दे. आणि महामंडळाचं जे गौरवगीत आहे त्याची चाल अल्बममधली सर्वात गोड असू दे, ऐकणाऱ्यानं नकळत गुणगुणावी अशी. लोक का मान तुकवतात हे त्याला स्वतःच्या गळ्यातून कळेल. निवेदनं मात्र एक किंवा दोनच. प्रत्येक दोन गाण्यांमध्ये निवेदन आलं की अल्बमची श्रुतिका होते.

लांबीची चिंता करू नकोस. '२११२'ची दुसरी बाजू सुट्या गाण्यांची आहे, कथेशी त्यांचा संबंध नाही, आणि त्यानं काही बिघडलं नाही. आठ गाणी, पस्तीस-चाळीस मिनिटं, पुरे. जुन्या वहीतली गाणीही काढून बघ. पिंक फ्लॉइड या इंग्लिश बँडच्या 'अॅनिमल्स' अल्बममधली (१९७७) दोन मोठी गाणी १९७४ पासून वेगळ्या नावांनी मंचावर वाजत होती. कल्पना नंतर सुचली, शब्द बदलले, आणि ती कुत्र्यांची आणि मेंढरांची झाली. तुझं 'खिडकी' हे गाणं मला अजून आठवतं. ते या नायिकेचंच आहे.

एखाद्या प्रसिद्ध कादंबरीवर अल्बम बेतावा का, असंही तू विचारलंयस. परवानगी मिळेल असं धरून चालू नकोस. इंग्लिश गायक डेव्हिड बोवीला जॉर्ज ऑर्वेलच्या '१९८४' कादंबरीवर संगीतिका करायची होती, ऑर्वेलच्या विधवा पत्नीनं नकार दिला. मग त्यानं स्वतःचं एक उपाशी, उद्ध्वस्त शहर रचलं आणि १९७४ मध्ये 'डायमंड डॉग्ज' हा अल्बम आला. तुझ्याकडे स्वतःचं शहर आधीच आहे.

शेवटाबद्दल तू तीन पर्याय लिहिलेत: क्रांती, मृत्यू, स्वप्न. तिन्ही बाजूला ठेव. पिंक फ्लॉइडचा 'द वॉल' (१९७९) जिथे संपतो तिथलं अर्धं वाक्य त्याच्या सुरुवातीला पुरं होतं. भिंत पडली तरी पुन्हा बांधली जाणार, हे वेगळं सांगावं लागत नाही. तुझ्या नायिकेनं ती ओवी पुसली की नाही, एवढाच प्रश्न शेवटच्या गाण्यात उरतो. त्याचं उत्तर सातवं गाणं झाल्याशिवाय तुला सापडणार नाही, म्हणून आत्ता ठरवूही नकोस.

सध्या एवढंच कर. ती ओवी सापडते ते गाणं सर्वात आधी बांध. तालाशिवाय, एका वाद्यावर, फोनवर मुद्रित कर. ज्याला तुझ्या शहराबद्दल काहीच माहीत नाही अशा कुणाला तरी ऐकव, शक्यतो घरातल्या मोठ्या बाईमाणसाला, आणि काहीही समजावून सांगू नकोस. त्यांनी काय विचारलं ते जसंच्या तसं लिहून गाण्याबरोबर मला पाठव. फाइल परत पाठवत नाही, गाणं येईपर्यंत ती माझ्याकडेच राहू दे.

तुझा,
काका