पलटणीतले पंडितजी: वाचकांचे प्रश्न

माझे दीर मराठा लाइट इन्फंट्रीत आहेत, सध्या लडाखला उंचावरच्या चौकीवर. दिवाळीसाठी नारळ, तूप, कापूर पाठवू का? तिथे पूजा सांगायला कोणी असतं का? (एक गृहिणी, सातारा)

सैन्याने नेमलेले धर्मगुरू (हिंदू जवानांचे ते पंडितजी) चौकीचौकीवर नसतात. ते पलटणीच्या मुख्यालयात असतात आणि जमेल तसे रसदीच्या गाडीबरोबर पुढे जातात. बर्फाने वाट अडली की तेही थांबतं. मग ज्याला आरत्या पाठ, तोच त्या दिवसाचा भटजी. मराठा पलटणीत अशांची वाण नसते.

आता सामान. नारळ नको, आतलं पाणी गोठून फुगतं आणि करवंटी तडकते. त्याऐवजी सुक्या खोबऱ्याच्या वाट्या द्या. सुटं तूपही नको. पितळेचं निरांजन थंडगार असतं आणि ज्योतीची ऊब तेच ओढून घेतं. तूप वितळत नाही, वात कोरडी जळून विझते. घरीच फुलवाती पातळ तुपात बुडवून थिजवा आणि घट्ट झाकणाच्या डबीत भरा. मातीच्या पणतीत त्या स्वतःच्याच तुपावर जळतात. खोबरेल तर साधारण २४ अंशांखालीच थिजतं, त्याचा विचारच नको.

कापूर, काडेपेटी, लायटर पार्सलात घालू नका. ज्वलनशील वस्तू टपालात चालत नाहीत. तसाही लायटर शून्याखाली रुसतो, कारण आतल्या ब्युटेनचा वायूच होत नाही. जवान तो आतल्या खिशात उबेला ठेवतात. प्रसादाला पेढे नकोत. बत्तासे, खडीसाखर, मनुका बऱ्या. पत्त्यावर नाव, सैनिक क्रमांक, युनिट आणि त्यांनी कळवलेला ५६ किंवा ९९ एपीओ (सैन्याचं टपाल कार्यालय) एवढंच लिहा, ठिकाणाचं नाव कधीही नको. पार्सल महिनाभर आधी टाका.

आणि दिरांना एक जरूर सांगा. बंद खोलीत बुखारी (खोली तापवायची शेगडी) पेटलेली असताना वर होम-धूप नको. कार्बन मोनॉक्साइडला ना रंग ना वास. डोकं दुखायला लागलं की आधी दार उघडायचं, आरती मागून.

शहीद जवानाचं पार्थिव गावी येतं तेव्हा अंत्यविधी सैन्याचे धर्मगुरू करतात का? आमच्याकडे फार गोंधळ झाला. (एक ग्रामपंचायत सदस्य, जि. सांगली)

युनिटमध्ये प्रार्थना आणि पुष्पचक्र होतं, तिथे धर्मगुरू असतात. गावचे विधी मात्र सहसा घरचे भटजी, पाद्री किंवा मौलवीच करतात. सैन्याची तुकडी मानवंदना देते. गोंधळ होतो तो क्रमाचा. भटजी मंत्र सुरू करतात आणि तिकडे बिगूल वाजायचा असतो. म्हणून पार्थिव घरी असतानाच तुकडीच्या सुभेदार साहेबांबरोबर भटजींना बसवा आणि आधी काय, मग काय ते ठरवून घ्या. तिरंग्याचा केशरी पट्टा डोक्याच्या बाजूला असतो. ध्वज चितेवर जाळायचा नाही की कबरीत ठेवायचा नाही. तो आधी काढून, घडी करून जवळच्या नातलगाच्या हाती देतात. तो कोण घेणार, पत्नी की आई, हेही आधीच ठरवा. ऐनवेळी त्यावरून रुसवेफुगवे झालेले कुणालाच बघवत नाहीत.

धर्मगुरू शत्रूच्या हाती सापडले तर युद्धकैदी होतात का? (एक विद्यार्थी, पुणे)

नाही. १९४९ च्या पहिल्या जिनिव्हा कराराचं कलम २४ त्यांना डॉक्टरांच्या पंक्तीला बसवतं. दंडावर रेड क्रॉससारख्या बोधचिन्हाची पट्टी आणि जवळ खास ओळखपत्र असतं. कैद्यांना गरज असेल तोवर त्यांना ठेवून घेता येतं, पण ते युद्धकैदी ठरत नाहीत. तिसऱ्या कराराच्या कलम ३३ नुसार त्यांना छावणीबाहेर कामावर किंवा इस्पितळात असलेल्या कैद्यांना भेटायला जाता येतं, आणि त्यासाठी वाहन कैद करणाऱ्यानेच द्यायचं. गरज संपली की परत पाठवायचं.

मुलाने संस्कृतात शास्त्री केलंय. भरती कशी होते? फक्त पूजाच करायची असते ना? (एक वडील, नाशिक)

‘फक्त पूजा’ हा समज पहिल्यांदा काढून टाका. आठवड्याची मंदिर परेड आणि सणवार हा कामाचा दिसणारा भाग. आजारी जवानांना इस्पितळात भेटणं, शिक्षा भोगणाऱ्यांकडे जाणं, मुलांना धर्मशिक्षण, रंगरुटांच्या कसम परेडला ग्रंथ समोर धरून शपथ देणं, हेही त्यांच्याच वाट्याला येतं. घरून वाईट बातमी आली की जवान आधी पंडितजींकडे येतो. तिथे उपदेशाचा पाऊस पाडणारा पंडित चालत नाही, ऐकून घेणारा लागतो. जीव देण्याची भाषा कानावर आली तर जपाची माळ हातात देऊन भागत नाही. युनिटच्या डॉक्टरांना लगेच सांगावं लागतं.

भरती नायब सुभेदार पदावर होते. पंडितासाठी पदवी आणि शास्त्री, आचार्य, कर्मकांडाची पदविका यांसारखी रीतसर पात्रता मागतात. गुरुजींच्या घरी शिकल्याचं पत्र चालत नाही. (पाद्रींचं नाव बिशपच्या मान्य यादीत असावं लागतं, शिखांच्या ग्रंथींना पंजाबीतली ज्ञानी परीक्षा.) प्रशिक्षण पुण्याच्या राष्ट्रीय एकात्मता संस्थेत होतं, पंडित, ग्रंथी, मौलवी, पाद्री तिथे एकत्र शिकतात, कारण उद्या मिश्र पलटणीत एकाच सर्वधर्मस्थळी उभं राहायचं असतं.

मुलाची विकेट पडलीच तर धावण्यात पडेल. मैदानी भागात १,६०० मीटर ८ मिनिटांत. पोथीवर वर्षं काढलेल्यांना हे ऐनवेळी जमत नाही. तीन-चार महिने आधी रोज पहाटे धावायला लावा. पहिला महिना वेळ न बघता नुसतं अंतर पुरं करायचं, घड्याळ त्यानंतर.