वाचकांचे प्रश्न : एजंट दारात आले, आता काय करू?

प्रश्न : ताई, नमस्कार. मागच्या आठवड्यात संध्याकाळी दोन माणसं घरी आली, एफबीआयचे बॅज दाखवले आणि म्हणाले की मिस्टरांच्या कंपनीने २०२१ मध्ये पीपीपी लोन (कोविडच्या काळात सरकारने धंद्यांना पगार वगैरेंसाठी दिलेलं कर्ज) घेतलं होतं त्याबद्दल थोडं बोलायचंय. मिस्टर घरी नव्हते म्हणून कार्ड ठेवून गेले. मिस्टर म्हणतात कर नाही त्याला डर कशाला, मी उद्याच फोन करून सगळं सांगून टाकतो, वकील घेऊन गेलो तर उलट संशय येईल. माझ्या जिवाला नुसता घोर लागलाय. काय करावं?
– एक वाचक, न्यू जर्सी

उत्तर : पहिली गोष्ट, तो फोन मिस्टरांना करू देऊ नका. वकिलाने करायचा फोन आहे तो. आणि वकील घेतला की संशय येतो हे मनातून काढून टाका, हे एजंट रोज वकिलांशीच बोलत असतात, त्यांना त्यात काही वावगं वाटत नाही आणि कोर्टात ते तुमच्याविरुद्ध वापरताही येत नाही.

‘कर नाही त्याला डर कशाला’ ही आपल्या घरांत लहानपणापासून ऐकलेली गोष्ट, आणि इथे तीच माणसाला गोत्यात आणते. कारण फेडरल कायद्यात एक कलम आहे, सेक्शन १००१, त्याप्रमाणे फेडरल एजंटला महत्त्वाच्या गोष्टीबद्दल जाणूनबुजून खोटं सांगणं हाच स्वतंत्र गुन्हा आहे, ५ वर्षांपर्यंत शिक्षा. शपथ घेतलेली नसली तरी, आपल्याच घरच्या सोफ्यावर बसून बोललात तरी. टीव्हीवरची प्रसिद्ध उद्योजिका मार्था स्टुअर्ट हिचं प्रकरण आठवत असेल. २००४ मध्ये तिच्यावरचा सिक्युरिटीज फ्रॉडचा आरोप जजने काढून टाकला होता, तरी तपासात खोटं बोलणं आणि तपासात अडथळा आणणं यासाठी ती ५ महिने तुरुंगात गेली.

आता हे प्रत्यक्षात कसं होतं ते बघा. दोघं येतात, एक प्रश्न विचारतो, दुसरा लिहून घेतो. घरी येऊन केलेल्या अशा चौकशीचं सहसा रेकॉर्डिंग नसतं, नंतर ऑफिसात जाऊन एजंट एक रिपोर्ट टाइप करतो, त्याला ३०२ म्हणतात. समजा त्यांनी विचारलं, अर्जावर कर्मचाऱ्यांचा आकडा कोणी भरला? मिस्टर पटकन म्हणाले, मीच भरला. खरं तर तो आकडा बुककीपरने ईमेलने पाठवलेला, इतक्या वर्षांनी कुणाच्या लक्षात राहतंय, पण तो ईमेल एजंटच्या फाइलमध्ये आधीच असू शकतो. स्मरणातली चूक म्हणजे खोटं बोलणं नव्हे हे कायद्यालाही मान्य आहे, पण ती चूकच होती हे पटवत बसायची वेळ तुमच्यावर येते, आणि ३०२ मध्ये मिस्टरांचा सूर, अडखळणं, ‘बहुतेक’ म्हणणं यातलं काही उतरेलच असं नाही.

मिरांडा वॉर्निंग (गप्प राहायचा आणि वकिलाचा हक्क आहे अशी सूचना) दिली नाही म्हणजे बोललेलं चालत नाही, असं खूप लोकांना वाटतं. तसं नाही हो. ती वॉर्निंग अटकेत किंवा ताब्यात घेऊन चौकशी करताना लागते, दारात उभं राहून मारलेल्या गप्पांना लागत नाही. परत आले तर एकच वाक्य, शांतपणे : ‘मला आधी माझ्या वकिलाशी बोलायचंय, ते तुम्हाला फोन करतील.’ नुसतं गप्प राहू नका, हे तोंडाने सांगा. आणि तुम्हीही हेच सांगायचं, ‘मला काय माहीत, सगळं हेच बघतात’ असं बोलून जाऊ नका, तेसुद्धा उत्तरच आहे. सर्च वॉरंट घेऊन आले तर अडवायचं नाही, वॉरंटची कॉपी मागायची, वाचायची, पण प्रश्नांची उत्तरं तेव्हाही द्यायची नाहीत.

दुसरी कळकळीची विनंती, काहीही डिलीट करू नका. जुने ईमेल, व्हॉट्सअ‍ॅप, पेरोलच्या शीट, काहीच नाही. तपासात अडथळा आणायच्या हेतूने कागद नष्ट केले तर २० वर्षांपर्यंतची तरतूद आहे, म्हणजे कधीकधी मूळ गुन्ह्यापेक्षा हेच जड जातं. बुककीपरला फोन करून ‘तू असं सांग’ म्हणणं तर अजिबातच नको, तो साक्षीदारावर दबाव धरला जाईल. आणि सीपीएकडे, म्हणजे तुमच्या अकाउंटंटकडे, मन मोकळं करू नका, क्रिमिनल केसमध्ये त्याच्याशी बोललेलं गुप्त राहत नाही, उद्या त्यालाच साक्षीला बोलावतील. हिशेब तपासायला अकाउंटंट लागलाच तर तो वकिलामार्फत नेमतात, तेव्हा संरक्षण मिळू शकतं. मंडळातल्या मैत्रिणींनाही सध्या काही सांगू नका, कितीही जवळच्या असल्या तरी.

वकील कुठला? तुमचं ग्रीन कार्ड करून देणारा नाही, घराचं क्लोजिंग करणारा नाही. फेडरल क्रिमिनल डिफेन्स करणाराच हवा, आणि तुमच्याच डिस्ट्रिक्टच्या फेडरल कोर्टात नेहमी उभा राहणारा. माजी फेडरल प्रॉसिक्यूटर (सरकारतर्फे केस चालवणारा) किंवा माजी फेडरल डिफेंडर (वकील परवडत नसलेल्या आरोपींचा बचाव करणारा) असेल तर उत्तमच. स्टेट बारच्या साइटवर त्याचं लायसन्स आणि शिस्तभंगाची कारवाई झालीय का ते बघा, पेसर नावाच्या कोर्टाच्या सिस्टिमवर त्याच्या फेडरल केसेसही बघता येतात. पहिल्या भेटीत विचारा की आरोपपत्रच येऊ नये म्हणून चार्जच्या आधीच्या टप्प्यावर तुम्ही किती काम केलंय, कारण तुमची केस आत्ता तिथे आहे आणि खरं काम इथेच होतं. वकील प्रॉसिक्यूटरला फोन करून विचारतो की माझा क्लायंट नुसता साक्षीदार आहे, सब्जेक्ट आहे (तपासाच्या कक्षेत आलेला), का टार्गेट आहे (ज्याच्यावर आरोप ठेवायचा रोख आहे तो). या एका उत्तरावर पुढचं सगळं ठरतं.

फी लेखी घ्या, ती फी कुठपर्यंतची आहे तेही घ्या, तपासापुरती का ट्रायलसकट. ‘केस जिंकलो तरच पैसे’ असा करार क्रिमिनल केसमध्ये वकिलाला करताच येत नाही आणि निकालाची गॅरंटी देणारा भेटला तर तिथून उठून या. पीपीपी फ्रॉडच्या केसेसना २०२२ च्या कायद्याने १० वर्षांची मुदत दिलीय, म्हणजे २०२१ च्या लोनवर २०३१ पर्यंत कारवाई होऊ शकते, त्यामुळे ‘आता इतके दिवस झाले, विसरले असतील’ या भरवशावर राहू नका.

प्रश्न : माझ्या धाकट्या भावाला यूएस अ‍ॅटर्नीच्या, म्हणजे फेडरल प्रॉसिक्यूटरच्या, ऑफिसचं टार्गेट लेटर (तपासाचा रोख तुमच्यावर आहे असं कळवणारं पत्र) आलंय, सोबत ग्रँड ज्युरीचा सबपीना (हजर राहायचा हुकूम). त्याची नोकरी गेलीय, बचत संपत आलीय. सरकारी खर्चाने बचावाचा वकील मिळतो म्हणे, पण लोक म्हणतात तो सरकारच्याच बाजूचा असतो. तो अजून सिटिझन नाही.
– एक वाचक, टेक्सास

उत्तर : हा गैरसमज फार नुकसान करतो म्हणून स्पष्टच सांगते. फेडरल पब्लिक डिफेंडरला पगार सरकारकडून मिळतो पण तो तुमच्या भावाचा वकील असतो, त्याच्याशी बोललेलं तितकंच गुप्त, त्याची निष्ठा फक्त क्लायंटशी. ही माणसं दिवसभर फेडरल क्रिमिनल केसेसच करतात, तिथले जज, प्रॉसिक्यूटर, सेंटेन्सिंग गाइडलाइन्स त्यांना तोंडपाठ असतात. कर्ज काढून एखादा स्वस्तातला, फेडरल कोर्ट न बघितलेला वकील करण्यापेक्षा मी डोळे मिटून डिफेंडर घेईन.

पैसे नसले तरी वकील मिळालाच पाहिजे हे सुप्रीम कोर्टाने गिडियन केसमध्ये १९६३ साली राज्यांच्या कोर्टांनाही बंधनकारक केलं, आणि फेडरल कोर्टासाठी १९६४ चा क्रिमिनल जस्टिस अ‍ॅक्ट आहे. त्यासाठी सिटिझन असावं लागत नाही. अगदी कफल्लक असावं लागतं असंही नाही, घरखर्च भागवून योग्य वकील परवडत नसेल तरी पुरतं. एक फॉर्म भरायचा असतो, उत्पन्न, कर्ज, घरातली माणसं वगैरे. तो अगदी खरा भरा, त्यावर केलेली सही शपथेसारखी असते. डिफेंडर ऑफिसला अडचण असेल, समजा त्याच केसमधल्या दुसऱ्या माणसाचं काम त्यांच्याकडे असेल, तर कोर्ट पॅनेलवरचा खासगी वकील नेमतं.

अटक होईपर्यंत थांबू नका. टार्गेट लेटर नीट वाचा, वकील परवडत नसेल तर कुठे संपर्क करायचा हे बऱ्याचदा त्यातच लिहिलेलं असतं. नसलं तरी त्या डिस्ट्रिक्टच्या फेडरल डिफेंडर ऑफिसला आजच फोन लावा. सबपीनाकडे दुर्लक्ष करता येत नाही, तारीख चुकवली तर अवमानाची कारवाई होऊ शकते. ग्रँड ज्युरीत १६ ते २३ माणसं असतात, १२ जणांचं मत पडलं की आरोपपत्र निघतं, आणि त्या खोलीत वकिलाला आत येऊ देत नाहीत. भाऊ बाहेर येऊन वकिलाला विचारून परत आत जाऊ शकतो, फिफ्थ अमेंडमेंट (स्वतःविरुद्ध साक्ष न देण्याचा हक्क) सांगून उत्तर नाकारू शकतो, पण कुठल्या प्रश्नाला काय करायचं हे आधी वकिलाबरोबर बसूनच ठरवायला हवं.

आणि सिटिझन नाही हे वकिलाला पहिल्याच भेटीत सांगायला लावा. प्ली (गुन्ह्याची कबुली) घेतल्याने डिपोर्टेशनचा धोका आहे का हे सांगणं वकिलाचं कर्तव्य आहे, २०१० मध्ये पडिला केसमध्ये सुप्रीम कोर्टाने हे ठरवलंय. फ्रॉडच्या केसमध्ये समोरच्याचं नुकसान १०,००० डॉलरपेक्षा जास्त असेल तर इमिग्रेशन कायद्यात तो ‘अ‍ॅग्रव्हेटेड फेलनी’ (गंभीर गुन्हा) होतो, तुरुंगात एक दिवसही न जाता देश सोडायची वेळ येऊ शकते. म्हणून प्लीच्या कागदात लिहिला जाणारा नुकसानीचा आकडा शिक्षेइतकाच महत्त्वाचा, त्यासाठी इमिग्रेशन वकिलाचा सल्ला वेगळा घ्या.

प्रश्न : आमच्या कंपनीची फेडरल चौकशी चालू आहे. कंपनीचा वकील म्हणतो मला भेट, पैसे लागणार नाहीत. भेटू का?
– एक वाचक, इलिनॉय

उत्तर : तो वकील कंपनीचा आहे, तुमचा नाही. तुमचं बोलणं गुप्त ठेवायचं का सरकारला सांगून टाकायचं हे कंपनी ठरवणार, तुम्ही नाही. चांगला वकील हे मीटिंगच्या सुरुवातीलाच सांगतो, त्याला अपजॉन वॉर्निंग म्हणतात. सरळ नकार दिलात तर नोकरी जाऊ शकते, म्हणून आधी स्वतःचा वकील गाठा. आणि कंपनीला लेखी विचारा की माझ्या वेगळ्या वकिलाची फी तुम्ही देणार का. पुष्कळ कंपन्या देतात, फक्त न मागता कुणी सांगत नाही.