गूढ विज्ञानकथा हवामान बदलाचे रूपक म्हणून वाचणे ओढूनताणून केलेले ठरते का?

ज्या विज्ञानकथेत तापमानवाढीचा उल्लेखही नाही, ती हवामान बदलाचे रूपक म्हणून वाचणे हा वाचकाचा हट्ट नव्हे काय, असे आपण विचारले आहे. कथेतील प्रत्येक घटनेला बाहेरची घटना जोडत बसल्यास तो हट्टच होय. मात्र अशी कथा ज्या जातीचे भय उभे करते, तेवढ्यापुरते रूपक घेतले तर ते चपखल बसते, असे मला वाटते.

जेफ व्हँडरमिअर यांची २०१४ सालची ‘अ‍ॅनायलेशन’ ही कादंबरी पाहा. उत्तर फ्लोरिडाच्या किनाऱ्यावरून सुचलेल्या, दलदल आणि दीपगृह असलेल्या एका निषिद्ध प्रदेशात चार स्त्रियांची मोहीम जाते. तिथे उजाड, काळवंडलेले असे काही नाही. उलट निसर्ग बहरलेला आहे. मात्र जमिनीत खोल उतरणाऱ्या एका मनोऱ्याच्या भिंतीवर बुरशीसारख्या सजीव अक्षरांत वाक्ये उगवलेली असतात, ती वाचण्यासाठी जवळ गेलेल्या जीवशास्त्रज्ञ स्त्रीच्या श्वासात त्यांचे बीजाणू जातात, आणि तिथून पुढे निरीक्षण करणारी कोण आणि निरीक्षणाचा विषय कोणता, हे सांगणे कठीण होत जाते.

आता हे कोकणातून वाचणाऱ्याला कसे दिसते ते सांगतो. ३ जून २०२० रोजी आलेल्या निसर्ग चक्रीवादळाने श्रीवर्धनपासून आमच्या दापोलीपर्यंत नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या केल्या. ते भयंकर होते, पण गूढ नव्हते, कारण वादळाला नाव होते आणि वेधशाळा त्याचा मार्ग सांगत होती. गूढ वाटते ते शांत दिवसांत. पाऊस लांबतो, जमिनीतील ओल हटत नाही, आणि ज्या हापूसला थंडी पडताच मोहोर यायचा, तो कोवळ्या पालवीने भरून जातो. पुढे फळे धरल्यावर पुन्हा थंडी आली तर त्याच फांदीवर नवा मोहोर फुटतो आणि आधीची कणी (नुकतीच धरलेली बारीक फळे) गळून पडते. झाड निरोगी, हिरवेगार, दृष्ट लागण्याजोगे. फक्त आंबा नाही. कादंबरीतील बहरलेला प्रदेश मला या झाडासारखा भासतो, आणि उद्ध्वस्त शहरांच्या कथांपेक्षा तो अधिक अस्वस्थ करतो.

आपल्याकडच्या भुताखेतांच्या गोष्टी इथे फारशा उपयोगी पडत नाहीत. राखणदार कोपला तर गाऱ्हाणे घालता येते, नारळ देता येतो, चूक कोणाची हे गावात कळते. या विज्ञानकथांत गाऱ्हाणे ऐकायला पलीकडे कोणीच नसते. स्टॅनिस्लॉव्ह लेम यांच्या ‘सोलारिस’मध्ये (१९६१) तर एका ग्रहावरील अख्ख्या समुद्राचा अभ्यास पिढ्यान्‌पिढ्या चालतो, ग्रंथालये भरतात, तरी त्या समुद्राला काय हवे आहे, किंवा काही हवे आहे का, हे कळत नाही.

रूपक तुटते तेही याच ठिकाणी, आणि माझ्या मते ते तुटू द्यावे. सोलारिसचा समुद्र अगम्य आहे. अरबी समुद्र तापण्याचे कारण अगम्य नाही. औद्योगिक क्रांतीपूर्वी हवेत दर दहा लाख भागांत सुमारे २८० भाग असलेला कार्बन डायऑक्साइड आता ४२० च्या पुढे गेला आहे, आणि तो मुख्यतः कोळसा, तेल व वायू जाळल्यामुळे. कथेतल्या गूढाची भुरळ पडून जर कोणी ‘निसर्गाची लीला’ असे म्हणू लागला, तर त्याला मी जयंत नारळीकरांची ‘हिमप्रलय’ वाचायला देईन. त्या कथेत संकट थंडीचे आहे, तरीही कारण शोधता येते आणि उपाय करता येतो, यावर लेखकाचा विश्वास आहे. नारळीकरांच्या कथेत भय कमी पडते, व्हँडरमिअरमध्ये उत्तरदायित्व; म्हणून या दोन्ही लागोपाठ वाचाव्यात, शक्यतो ‘अ‍ॅनायलेशन’ आधी.