अमेरिकेत शिकताना कॅम्पसच्या हेल्थ सेंटरमध्ये स्टुडंट मॅनेजरचं काम घ्यावं का?

तुम्ही विचारलंय की एमपीएच (सार्वजनिक आरोग्यातली मास्टर्स) करताना कॅम्पसच्या हेल्थ सेंटरमध्ये स्टुडंट मॅनेजरची जागा मिळतेय, ती घ्यावी का आणि रिझ्युमेवर तिचं वजन किती. घ्या. रिझ्युमेचं नंतर बघू. कारण इथेच एकाने उत्तर दिलंय की हे बसून करायचं काम आहे, अभ्यासही होतो, शिवाय आपल्या मुलांना अपॉइंटमेंट लवकर लावून देता येते. हे काम मी केलंय, आणि त्यातलं शेवटचं वाक्य वाचून गप्प बसवेना.

आधी बसून करायच्या कामाबद्दल. रोस्टर तुम्ही लावणार. अ‍ॅड-ड्रॉपची, म्हणजे विषय घ्यायची-सोडायची, मुदत संपेपर्यंत ते पक्कं करू नका, कारण तोवर प्रत्येकाचं वेळापत्रक हलत असतं. सोमवारी सकाळी डेस्कवर जास्तीची माणसं ठेवा. शनिवार-रविवार अंगावर काढलेला ताप तेव्हाच दारात येतो. शिफ्टची अदलाबदल कधीही तोंडी मंजूर करू नका. एफ-१ या विद्यार्थी व्हिसावरच्या मुलांना सेमिस्टर चालू असताना आठवड्याला २० तासच काम करता येतं, आणि त्यात कॅम्पसवरच्या सगळ्या नोकऱ्यांचे तास मिळून धरतात. तुमच्याकडे १२ तास करणारी मुलगी लायब्ररीतही ८ तास करत असेल, तर मैत्रिणीची एक शिफ्ट घेतल्याबरोबर तिचा व्हिसा अडचणीत येतो. या आठवड्यात २२ आणि पुढच्यात १८, अशी सरासरी चालत नाही. दुसऱ्या नोकरीचे तास प्रत्येकाकडून लेखी घ्या. तुमच्या टाइमशीटला ते दिसत नाहीत.

खरी कसोटी ऑगस्टमध्ये लागते. लसींचे कागद आणि टीबीची तपासणी पूर्ण नसेल तर नव्या मुलांच्या रजिस्ट्रेशनवर होल्ड लागतो, म्हणजे ते अडवलं जातं, आणि सगळे एकाच आठवड्यात येऊन धडकतात. टीबीची स्किन टेस्ट ४८ ते ७२ तासांत वाचावी लागते. म्हणजे गुरुवारी टोचली तर वाचायची वेळ शनिवार-रविवारी येते, सेंटर बंद, आणि टेस्ट पहिल्यापासून. म्हणून सेंटर शनिवारी उघडं नसेल तर गुरुवारचे स्किन टेस्टचे स्लॉट सिस्टिममधूनच बंद करून टाका. डेस्कवरच्या मुलाच्या लक्षात राहील या भरवशावर राहू नका.

आपल्याकडच्या मुलांची आणखी एक गोष्ट. लहानपणी बीसीजी, म्हणजे टीबीची लस, दिलेली असते, त्यामुळे स्किन टेस्ट खोटी पॉझिटिव्ह येऊ शकते. रक्ताच्या तपासणीवर, म्हणजे क्वांटिफेरॉन किंवा टी-स्पॉटवर, बीसीजीचा परिणाम होत नाही. कुठली करायची ते नर्स ठरवेल, पण बुकिंगच्या फॉर्ममध्ये 'बीसीजी घेतली आहे का' हा प्रश्न असायला हवा आणि तो घालून घेणं तुमचं काम. एमएमआरचंही तसंच. ही गोवर, गालगुंड आणि रुबेलाची जिवंत लस आहे. टीबीची तपासणी त्याच दिवशी करा, नाहीतर लसीनंतर किमान चार आठवडे थांबा, कारण मधल्या काळात निकाल खोटा निगेटिव्ह येऊ शकतो. मंगळवारी एमएमआर आणि पुढच्या सोमवारी टीबी असं बुकिंग कोणी केलं, की त्या मुलाचा होल्ड महिनाभर लांबलाच. वर एमएमआरच्या दोन डोसांतही किमान २८ दिवसांचं अंतर लागतं, म्हणून पहिल्याच भेटीत पुढची तारीख देऊन टाका.

फोनवर कोणी छातीत दुखतंय, श्वास लागतोय किंवा जगावंसं वाटत नाही म्हणालं, तर स्लॉट शोधत बसायचं नाही. आधी 'आत्ता कुठे आहेस' आणि परत फोन करायचा नंबर, एवढंच विचारायचं. मोबाइल कट झाला तर तेवढंच हातात उरतं. मग फोन चालू ठेवून नर्सला हाक मारायची, गरज पडली तर ९११ या आपत्कालीन नंबरला फोन. आत्महत्येच्या विचारांसाठी ९८८ हा नंबर आहे. तो डेस्कवर चिकटवलेला हवा.

आता 'आपल्या मुलांना लवकर अपॉइंटमेंट'. हा वाद मी देसी ग्रुपवर पुष्कळ घातलाय आणि माझं मत बदललेलं नाही. स्लॉट लक्षणं बघून द्यायचा, गाव बघून नाही. आज स्लॉट मागणारा उद्या विचारतो, 'अमुक आली होती ना, काय झालंय तिला?' सेंटर फक्त विद्यार्थ्यांनाच तपासत असेल तर तिथल्या नोंदींना सहसा हिपा (रुग्णांच्या माहितीचा कायदा) नाही, फर्पा (विद्यार्थ्यांच्या नोंदींचा कायदा) लागू होतो. पण कायदा कुठलाही असो, कोणी आलं होतं की नाही हेसुद्धा सांगायचं नसतं. कोणी कुणाची फाइल कधी उघडली हे सॉफ्टवेअर नोंदवून ठेवतं. मित्राची फाइल त्याच्याच सांगण्यावरून उघडली तरी कामाशिवाय उघडली असाच अर्थ होतो, आणि नोकरी जाते. ग्रुपमधल्या मुलांना तर हे जास्त लागू. इथे चारशे मैलांवरची बातमी संध्याकाळपर्यंत नाशिकला आईच्या कानावर जाते, आणि त्या भीतीने मुली तपासणी टाळतात.

बिलाचंही सांगून ठेवा. वर्गमित्र आईवडिलांच्या विम्यावर असेल (२६ वर्षांपर्यंत राहता येतं), तर तपासणीचा हिशेब सहसा पॉलिसी ज्याच्या नावावर आहे त्याच्या घरी जातो. एसटीआयच्या, म्हणजे लैंगिक संबंधांतून होणाऱ्या संसर्गाच्या, तपासणीला आलेल्याला कार्ड मागण्याआधी हळू आवाजात सांगायचं, की रोख भरून विम्यात न दाखवण्याची सोय आहे का ते बिलिंगला विचारून बघ. हे वाक्य डेस्कवरच्या प्रत्येकाला पाठ करून घ्या.

हे सगळीकडे तंतोतंत असंच असेल असं नाही. लहान कॉलेजात स्टुडंट मॅनेजर म्हणजे फक्त डेस्कचा प्रमुख असतो आणि लसींचं सगळं नर्स बघते. राज्याराज्यांचे नियमही वेगळे. एमपीएचसाठी रिझ्युमेवर चालतं, पण 'स्लॉटची रचना बदलून होल्ड कमी केले' असं दाखवता आलं तर. इंटरव्ह्यूत एक गोष्ट तुम्हीच विचारा: सकाळी सात वाजता कोणी आजारी असल्याचा फोन केला तर बदली माणूस शोधायचा कोणी? उत्तर 'तुम्ही' असेल तर त्या वेळेचे पैसे मिळणार का आणि ते तास २० मध्ये धरणार का, हे लेखी घेतल्याशिवाय सही करू नका.